विश्लेषण : करोनाकाळात कॉलेजात गेलेल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी आपली ‘मंडळी’ कशी शोधली?

अमेरिकेत २०२०च्या मे-जूनमध्ये शाळा संपवणाऱ्या मुलांपैकी अनेकांचा निरोप समारंभ स्क्रीनवरच झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ही मुले कॉलेजच्या पहिल्या वर्षात दाखल झाली आणि २०२४च्या उन्हाळ्यात पदवी घेऊन बाहेर पडली. तेव्हाही आंदोलनांच्या पार्श्वभूमीवर कोलंबिया आणि युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियासारख्या विद्यापीठांनी मुख्य पदवीदान सोहळा रद्द केला. या तुकडीच्या अभ्यासाचे किती नुकसान झाले, ऑनलाइन परीक्षांचे काय झाले, यावर भरपूर चर्चा झाली. एका प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. अठराव्या वर्षी घर सोडून आलेला, श्रद्धा जपू पाहणारा विद्यार्थी चर्चला कुलूप, भोजनगृहात बसायला बंदी आणि वसतिगृहाच्या खोलीत एकटाच, अशा स्थितीत आपली माणसे कशी शोधतो? या प्रश्नात धर्म आहे, तसेच सार्वजनिक आरोग्य, तंत्रज्ञान आणि साधे गणितही आहे. त्याचा एक धागा थेट मुंबई आणि अहमदनगरपर्यंतही येतो.

‘फ्रेशमन’च्या पहिल्या काही आठवड्यांना एवढे महत्त्व का?

अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याला ‘फ्रेशमन’ म्हणतात. तिथे बहुतेक निवासी विद्यापीठांत पहिल्या वर्षी वसतिगृहात राहण्याची पद्धत आहे. पहिल्या काही आठवड्यांत मुलांना खोलीतला जोडीदार, शेजारच्या खोलीतली मुले, भोजनगृहातले टेबल आणि क्लबांच्या मेळ्यातले स्टॉल या ठिकाणी मित्र मिळतात. मैत्री बरीचशी अंतरावर ठरते, हे समाजशास्त्राला जुने ठाऊक आहे. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास करून १९५०मध्ये दाखवून दिले, की कोणाचे दार कोणाच्या दाराशेजारी आहे यावर मैत्री मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये याच्या पुढचा मुद्दा मांडला. जवळच्या मित्रांइतकेच तोंडओळखीचे लोकही महत्त्वाचे असतात, कारण नव्या वर्तुळात नेणारी माणसे बहुतेक वेळा तीच असतात.

विद्यार्थी कॉलेज का सोडतात याचा अभ्यास करणारे व्हिन्सेंट टिंटो यांचाही निष्कर्ष याच दिशेचा आहे. गुण महत्त्वाचे असतातच, पण ‘मी इथला आहे’ ही भावना तयार झाली नाही तर हुशार मुलेही बाहेर पडतात. श्रद्धेच्या बाबतीत हे अधिकच लागू पडते. घरी रविवारी चर्चला जाणे ही कुटुंबाची सवय असते. कॉलेजात तो स्वतःचा निर्णय होतो. कोणी उठवत नाही आणि कोणी विचारतही नाही.

त्यात अमेरिकेतील चर्चसदस्यत्व आधीच घसरत होते. गॅलप संस्थेच्या पाहणीत १९९९मध्ये ७० टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या चर्चचे, सिनेगॉगचे वा मशिदीचे सदस्य होते. २०२०मध्ये हे प्रमाण ४७ टक्क्यांवर, म्हणजे पहिल्यांदाच निम्म्याखाली आले. त्यामुळे पहिल्या सत्रात मंडळी सापडली नाही, तर ती पुढे सापडेलच याची खात्री उरली नव्हती.

२०२०च्या ऑगस्टमध्ये कॅम्पसवर काय स्थिती होती?

गोंधळाची. मार्चमध्ये विद्यापीठे काही दिवसांत रिकामी झाली होती. हार्वर्डने १० मार्चला घोषणा करून विद्यार्थ्यांना पाच दिवसांत खोल्या सोडायला सांगितले. शरद सत्रासाठी प्रत्येक विद्यापीठाने आपापला मार्ग काढला. हार्वर्डने प्रामुख्याने पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅम्पसवर बोलावले, पण वर्ग सगळे ऑनलाइन ठेवले. प्रिन्स्टनने आधी पहिल्या वर्षाला बोलावले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला निर्णय फिरवून सर्वांना घरीच थांबायला सांगितले. चॅपल हिल येथील युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाने १० ऑगस्टला प्रत्यक्ष वर्ग सुरू केले. वसतिगृहांत रुग्णांचे समूह सापडल्यामुळे आठवडाभरातच पदवीचे वर्ग ऑनलाइन करावे लागले. नोत्र दाम या प्रसिद्ध कॅथलिक विद्यापीठाचे वर्गही १० ऑगस्टलाच सुरू झाले. आठ दिवसांनी दोन आठवड्यांसाठी ते ऑनलाइन करण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा टप्प्याटप्प्याने सुरू झाले.

या अनिश्चिततेमुळे अनेकांनी प्रवेशच घेतला नाही. नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊसच्या आकडेवारीनुसार २०२०च्या शरद सत्रात पहिल्या वर्षाच्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा १३.१ टक्क्यांनी घटली. जे आले त्यांच्यासाठी पाहुण्यांवर बंदी, मुखपट्टी, वारंवार चाचण्या आणि डब्यात बांधून मिळणारे जेवण असे नियम होते.

मानसिक ताणाचे चित्र त्याआधीच समोर आले होते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने (सीडीसी) जून २०२०च्या अखेरीस केलेल्या पाहणीत १८ ते २४ वयोगटातील २५.५ टक्के तरुणांनी, मागील ३० दिवसांत आत्महत्येचा गंभीर विचार मनात आल्याचे सांगितले. ही पाहणी फक्त विद्यार्थ्यांची नव्हती. पण वसतिगृहात येऊ घातलेली मुले याच वयाची होती.

कॅम्पसवरील ख्रिस्ती गट म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे ‘चर्च’ म्हटले की इमारत डोळ्यासमोर येते. अमेरिकी विद्यापीठांत मात्र विद्यार्थ्यांचे स्वतंत्र ख्रिस्ती गट असतात आणि त्यांची परंपरा मोठी आहे. १८५८मध्ये व्हर्जिनिया आणि मिशिगन विद्यापीठांत वायएमसीएच्या विद्यार्थी शाखा निघाल्या. सरकारी वा बिगरकॅथलिक विद्यापीठांतील कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी १८९३मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिला ‘न्यूमन क्लब’ सुरू झाला. आज अनेक कॅम्पसजवळ न्यूमन सेंटर दिसते. प्रोटेस्टंट, विशेषतः इव्हँजेलिकल प्रवाहात १९४१मध्ये स्थापन झालेली ‘इंटरव्हर्सिटी’ आणि १९५१मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘कॅम्पस क्रुसेड’ या नावाने सुरू झालेली ‘क्रू’ या मोठ्या संघटना आहेत. १९९८पासून काम करणारी ‘फोकस’ ही कॅथलिक संघटना नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांना कॅम्पसवर पाठवते.

यांचे काम साधारण दोन पातळ्यांवर चालते. आठवड्यातून एकदा मोठी सभा होते, तिच्यात गाणी, प्रवचन आणि ओळखी असतात. शिवाय पाच-सात जणांचा बायबल अभ्यासगट असतो. मराठी ख्रिस्ती मंडळींत यासाठी ‘सहभागिता’ हा नेमका शब्द आहे. एकत्र बसणे, एकत्र जेवणे, एकमेकांसाठी प्रार्थना करणे आणि अडचणीत धावून जाणे हे सगळे त्यात येते. नवा विद्यार्थी सहसा मोठ्या सभेतून आत येतो आणि लहान गटात रुळतो. करोनाने आत येण्याचे हे मोठे दारच बंद केले. क्लबांचा मेळा ऑनलाइन झाला. संघटनांचे पूर्णवेळ कार्यकर्ते विद्यार्थी नसल्याने अनेक ठिकाणी त्यांना कॅम्पसवर प्रवेश उरला नाही. नव्या मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी इन्स्टाग्राम, ग्रुप चॅट आणि झूमची लिंक एवढीच साधने राहिली.

एकत्र गाणे एवढे धोक्याचे का ठरले?

ख्रिस्ती उपासनेत सामूहिक गायनाला मोठे स्थान आहे. अनोळखी मुलालाही गाण्यात सामील होता येते, त्यासाठी ओळख लागत नाही. पण नेमकी हीच गोष्ट सर्वांत धोक्याची ठरली. वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट काउंटीत १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम एका चर्चमध्ये झाली. तिथे ६१ जण होते. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले. ३३ जणांच्या संसर्गाची चाचणीतून खात्री झाली आणि २० जण संभाव्य रुग्ण ठरले. दोघांचा मृत्यू झाला. हे गाणारे धार्मिक मंडळाचे नव्हते, हौशी गायक होते. पण सीडीसीने मे महिन्यात हा अहवाल प्रसिद्ध केल्यावर चर्चमधील गायनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

कारण सरळ आहे. गाताना आपण खोल श्वास घेतो आणि जोराने सोडतो, त्यातून सूक्ष्म थेंब मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. बंद खोली, हवा खेळती नाही आणि वेळ अडीच तास, हे तिन्ही घटक एकत्र आले की सहा फुटांचे अंतरही पुरत नाही. कॅलिफोर्नियाने जुलै २०२०मध्ये प्रार्थनास्थळांत गाण्यावर बंदी घातली. इतर अनेक ठिकाणी मंडळींनी स्वतःहून गाणे थांबवले.

मग झूमवर गायला काय हरकत होती?

हरकत नव्हती, पण ते जमत नाही आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. म्हणजे दहा मीटर दूर उभ्या असलेल्या माणसाचा सूर आपल्यापर्यंत साधारण २९ मिलिसेकंदांत पोहोचतो. ताल धरून एकत्र गाण्यासाठी एवढाच उशीर चालतो, साधारण २५ ते ३० मिलिसेकंद. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज टिपणे, त्याचे डिजिटल तुकडे करणे, ते सर्व्हरमार्गे पाठवणे आणि पलीकडे पुन्हा जोडणे यात सहज १०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो. प्रत्येकाच्या इंटरनेटनुसार हा उशीर वेगळा असतो. त्यामुळे दहा जण गायले की दहा वेगवेगळ्या ठिकाणी ताल पडतो.

अंतर जास्त असेल तर यावर तंत्रज्ञानाकडेही उपाय नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बोस्टन ते मुंबई सरळ केबल टाकली, तरी सुमारे १२ हजार किलोमीटरला ६० मिलिसेकंद लागतीलच.

शिवाय ही सॉफ्टवेअर बैठकींसाठी बनवलेली आहेत. एक माणूस बोलत असेल तर त्याचा आवाज पुढे आणायचा आणि बाकीचे आवाज ‘गोंगाट’ समजून दाबायचे, हे त्यांचे काम. परिणामी एक जण गिटार घेऊन गातो आणि उरलेले सगळे माइक बंद करून आपापल्या खोलीत गातात. प्रत्येकाला ऐकू येतो तो एक पुढचा आवाज आणि स्वतःचा. शेजारचा बेसूर गातो आहे, मागची बाई जरा मोठ्याने गाते आहे, हे काहीच कळत नाही. सभेला शंभर जण असले तरी गाताना माणूस एकटाच राहतो.

श्रद्धेच्या दृष्टीने ऑनलाइन उपासना पुरते का?

याचे उत्तर परंपरेनुसार बदलते. कॅथलिक शिकवणीत मिस्सा स्क्रीनवर पाहता येते, पण ख्रिस्तप्रसाद स्क्रीनवरून घेता येत नाही. म्हणून धर्मप्रांतांनी रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून तात्पुरती सूट दिली आणि चर्च उघडल्यावरही अनेक ठिकाणी सामायिक प्याला बंद ठेवला. २०२१च्या राखेच्या बुधवारी धर्मगुरूंनी कपाळावर अंगठ्याने राख लावण्याऐवजी ती डोक्यावर भुरभुरावी, अशी सूचना व्हॅटिकनने दिली. प्रोटेस्टंट मंडळींत मतभेद होते. काहींनी घरचीच भाकर आणि द्राक्षरस घेऊन स्क्रीनसमोर प्रभुभोजन घेतले. मंडळी प्रत्यक्ष जमेपर्यंत थांबायचे, असे काहींनी ठरवले.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक पेच होता. घरच्या चर्चची उपासना आता यूट्यूबवर दिसू लागली होती. ओळखीचे पाळक, ओळखीची गाणी, शिवाय आई-बाबाही तेच पाहत असणार. दिलासा देणारी गोष्ट होती यात शंका नाही. पण त्यामुळे नव्या गावात नवी मंडळी शोधण्याची निकड कमी झाली. जुन्या चर्चचा प्रेक्षक होऊन एखाद्याने वर्ष काढले, तरी आजारी पडल्यावर दाराशी सूप ठेवणारे कोणी नव्हते.

लहान गटच का टिकले?

याचे गणित सोपे आहे. चाळीस जणांच्या सभेत ओळखीच्या ७८० जोड्या संभवतात, सहा जणांच्या गटात फक्त १५. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत १५ जोड्यांची ओळख होऊ शकते. ७८० जोड्यांची ओळख व्हायची तर दाराशी, जिन्यात, चहाच्या टेबलावर तुकड्यातुकड्याने गप्पा व्हाव्या लागतात आणि झूमवर नेमक्या त्याच होत नाहीत. तिथे एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांची. चाळीस जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येते. सहा जण असतील तर जवळपास सात मिनिटे. सात मिनिटांत माणूस ‘मी ठीक आहे’च्या पुढे काही बोलू शकतो.

प्रत्यक्ष भेटीतही हेच गणित लागू होते. वीस फूट लांब-रुंद खोलीत एरवी चाळीसेक मुले जमिनीवर दाटीवाटीने बसतात. सहा फुटांचे अंतर ठेवले तर भिंतीला टेकवूनही १६ जणच मावतात. म्हणून बायबल अभ्यास हिरवळीवर, तंबूखाली आणि दोघादोघांच्या पायी फेरफटक्यावर आला. जोपर्यंत थंडी पडली नव्हती तोपर्यंत हे चालले. थँक्सगिव्हिंगनंतर अनेक विद्यापीठांनी मुलांना घरीच राहून सत्र पूर्ण करायला सांगितले आणि गट पुन्हा स्क्रीनवर गेले.

मोठ्या सभेत नवखा मुलगा मागे दाराशी घुटमळत उभा असतो. तो निघायच्या बेतात असताना कोणीतरी नाव विचारते आणि तो थांबतो. झूमवर दारच नसते. ‘लीव्ह’ दाबले की चौकोन नाहीसा होतो आणि उरलेले चौकोन सरकून जागा भरून काढतात. कोण गेले हे कळतही नाही. लहान गटात मात्र सहापैकी एक दिसला नाही की लगेच लक्षात येते. त्या वर्षी ज्या गटांत ‘आज तो का आला नाही?’ असा मेसेज कोणी पाठवला, तिथे नवी मुले राहिली.

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. लाजाळू, आजारी वा अपंग असलेल्या, किंवा ‘चर्चमध्ये जाताना कोणी पाहील’ या संकोचाने एरवी न येणाऱ्या काही जणांना कॅमेरा बंद ठेवून ऐकण्याची सोय उपयोगी पडली.

घरातल्या बायबल अभ्यासाचा वाद सर्वोच्च न्यायालयात का गेला?

आरोग्याचे नियम आणि धर्मस्वातंत्र्य यांच्यात अमेरिकेत वर्षभर संघर्ष झाला. मे २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातील चर्चला दिलासा नाकारला. न्यूयॉर्कमध्ये ‘रेड’ विभागात १० आणि ‘ऑरेंज’ विभागात २५ जणांची मर्यादा होती. २५ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिला स्थगिती दिली. दरम्यान, न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे निधन होऊन एमी कोनी बॅरेट आल्या होत्या आणि पारडे फिरले होते. फेब्रुवारी २०२१मध्ये न्यायालयाने कॅलिफोर्नियात बंदिस्त जागेतील उपासनेला मर्यादित परवानगी दिली. गाण्यावरील बंदी मात्र तेव्हा कायम ठेवली.

लहान गटांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आदेश ९ एप्रिल २०२१चा. कॅलिफोर्नियात घरगुती जमावासाठी तीनपेक्षा अधिक कुटुंबांना मनाई होती. घरात बायबल अभ्यास आणि प्रार्थना घेणाऱ्यांनी त्याला आव्हान दिले. ‘टँडन विरुद्ध न्यूसम’ या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने आदेश दिला. दुकाने व केशकर्तनालयांत लोकांना एकत्र येऊ देता, मग घरातील प्रार्थनेला अधिक कडक नियम का, असा बहुमताचा मुद्दा होता. राज्य घरगुती धार्मिक आणि बिगरधार्मिक जमावांना सारखेच वागवत आहे, त्यामुळे भेदभाव होत नाही, असे विरोधी मत मांडणाऱ्या न्यायमूर्तींचे म्हणणे होते.

या वादात विद्यार्थी मधोमध सापडले. नियम मोडणाऱ्या चर्चबद्दल वर्गातली मुले विचारत आणि नियम पाळले तर घरच्या मंडळीतले काही जण ‘भ्यालात’ म्हणत. ‘शेजाऱ्यावर प्रेम’ म्हणजे भेटणे की न भेटणे, हा प्रश्न त्या वर्षी अनेक अभ्यासगटांत प्रत्यक्ष चर्चेला होता.

भारतीय विद्यार्थ्यांचे काय झाले?

त्यांच्यापुढे आधी व्हिसाचा प्रश्न होता. सर्व वर्ग ऑनलाइन असतील तर परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकेत राहता येणार नाही, असे तिथल्या प्रशासनाने ६ जुलै २०२०ला जाहीर केले. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेल्यावर आठ दिवसांत ते मागे घेण्यात आले. पण सगळे वर्ग ऑनलाइन असलेल्या नव्या विद्यार्थ्यांना प्रवेश नाहीच, असे त्याच महिन्यात स्पष्ट झाले. ‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार २०२०-२१मध्ये अमेरिकी संस्थांत १,६७,५८२ भारतीय विद्यार्थी होते, आधीच्या वर्षापेक्षा १३ टक्क्यांनी कमी.

अनेकांनी पहिले सत्र घरूनच केले. बोस्टनमधला दुपारी ३चा वर्ग भारतात रात्री साडेबाराला असतो. जे तिकडे पोहोचले त्यांच्यासाठी हेच घड्याळ उलटे चालले. वसईतली रविवार सकाळी ७ची मिस्सा बोस्टनमध्ये शनिवारी रात्री साडेनऊला दिसते. घरच्या मंडळीशी नाते त्यामुळे टिकले, पण रविवारची सकाळ मोकळीच राहिली.

या साऱ्याचा महाराष्ट्राशी जुना संबंध कोणता?

लहान विद्यार्थी गटाची ताकद काय असते याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. ऑगस्ट १८०६मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेला जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. तिथल्या चर्चेतून जे वर्तुळ उभे राहिले, त्यातून १८१०मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशन संस्था निघाली. विल्यम्सचाच पदवीधर गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरले. हीच अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात. १८३१मध्ये मिशनचे काम अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सुरू झाले. तिथूनच १८४२मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले. मिशनच्या कार्याबद्दल मतमतांतरे आहेत. पण मराठी मुद्रण, शिक्षण आणि नियतकालिकांच्या इतिहासातून ते वगळता येत नाही. गॉर्डन हॉल यांचा मृत्यू मार्च १८२६मध्ये नाशिकहून परतताना झाला, पटकीने. तीही साथच होती.

महाराष्ट्रातील पहिल्या वर्षाच्या मुलांनी काय अनुभवले?

२०११च्या जनगणनेनुसार राज्यात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती आहेत, लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी. अहमदनगर, जालना किंवा वसईहून पुण्या-मुंबईत शिकायला येणाऱ्या ख्रिस्ती मुलांना वर्गात एरवीही आपल्यासारखे एक-दोघेच भेटतात. म्हणून १९२४पासूनची ‘आयकफ’ ही कॅथलिक विद्यार्थ्यांची संघटना, ‘यूईएसआय’ ही इव्हँजेलिकल विद्यार्थी संघटना आणि स्थानिक चर्चचे तरुण संघ यांचा आधार असतो.

त्या वर्षी मात्र येणेच झाले नाही. जेईई मुख्य परीक्षा सप्टेंबरमध्ये आणि एमएचटी-सीईटी ऑक्टोबरमध्ये झाली. अभियांत्रिकीचे पहिले वर्ष सुरू व्हायला डिसेंबर-जानेवारी उजाडले, तेही मोबाइलवर. राज्यातील प्रार्थनास्थळे मार्चपासून बंद होती, ती १६ नोव्हेंबर २०२०ला पाडव्याच्या दिवशी उघडली. एप्रिल २०२१मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. महाविद्यालयेही १५ फेब्रुवारी २०२१ला निम्म्या क्षमतेने सुरू होऊन लवकरच बंद पडली, ती २० ऑक्टोबर २०२१पासून पुन्हा उघडली.

इथे दोन देशांतला फरक दिसतो. अमेरिकेतला मुलगा कॅम्पसवर होता, पण खोलीत एकटा. आपल्याकडचा मुलगा घरच्यांसोबत होता, पण कॉलेज त्याच्यासाठी व्हॉट्सअॅप ग्रुपपुरतेच होते. इथल्या मुलांचा नव्या गावातला खरा पहिला महिना दुसऱ्या वर्षात आला. तोवर ‘नवीन मुले’ म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. कनिष्ठ तुकडी आली होती आणि स्वागताचा कार्यक्रम तिच्यासाठी होता.

आता यातून काय घ्यायचे?

लसीकरणानंतर २०२१च्या शरद सत्रात कॅम्पस पुन्हा भरले. मोठ्या सभा, गाणी, एकत्र जेवण परत आले. पण ज्यांचे पहिले वर्ष गेले होते ते आता दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी होते, आणि अनेक गटांत पुढची तुकडी सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. ज्यांनी स्वतः कधी भरलेली सभा पाहिलीच नव्हती, त्यांनी ती भरवायची होती.

कॉलेजात नव्याने जाणाऱ्या मुलांसाठी, मग ती कोणत्याही श्रद्धेची असोत वा नसोत, काही गोष्टी त्या वर्षाने स्पष्ट केल्या. पहिल्या महिन्यात एक तरी लहान गट धरावा. मोठा कार्यक्रम पाहून येणे पुरेसे नसते. घरच्या मंडळीची लिंक जरूर ठेवावी, पण रविवारचे दोन तास नव्या गावातल्या माणसांसाठी राखावेत. एकटेपणात माणूस पटकन कुणावरही विश्वास ठेवतो, म्हणून गट निवडताना डोळे उघडे हवेत. प्रश्न विचारले तर चालतात का, घरच्यांशी व जुन्या मित्रांशी संबंध ठेवायला आडकाठी आहे का, पैशांसाठी दबाव येतो का आणि सोडून जायचे ठरवले तर सहज जाता येते का, हे आधी पाहावे. पालकांनी ‘चर्चला गेलास का?’ एवढेच न विचारता ‘तिथे कोण भेटले?’ हेही विचारावे. गट चालवणाऱ्यांसाठी तर काम आणखी साधे आहे. नव्याने आलेल्याचे नाव लिहून ठेवावे आणि पुढच्या वेळी तो दिसला नाही, तर दुसऱ्याच दिवशी फोन करावा.